दत्त्या, तिच्या खुरांचं काय करू?

कल्याण
रविवार, दुपार

प्रिय दत्त्या,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. माझं बीपी गोळीवर आहे, शैलाचा गुडघा कुरकुरतो, तेवढं सोडून बरं चाललंय. गणपतीनंतर तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी उलट केला नाही, त्याबद्दल शिव्या समोरासमोर घाल. फोनवर हे सांगता आलं नसतं. तिसऱ्या वाक्याला तू ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ म्हणाला असतास आणि पुढचं सगळं राहून गेलं असतं.

गोष्ट एका घोडीची आहे. हसू नकोस.

आमच्या सोसायटीमागचा तो मोकळा प्लॉट तुला आठवत असेल, जिथे तू गाडी रुतवलीस. श्रावणात तिथे एक पांढरी घोडी दिसायला लागली. वरातीची. पुढच्या पायांना पायबंद, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी, आणि मानेच्या मुळाशी खोगिराने सोललेली हातभर जखम. आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत वराती नाहीत. वराती नाहीत म्हणजे चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, नाही. मालकानं चार महिने तिला पावसात चरायला सोडलेलं. चरायला म्हणजे काय, गाजरगवत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या.

मग सुरू झाला आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा पराक्रम. ज्याला त्याला प्राणीमित्र संस्थांचे नंबर पाठ. फोन लावला की पलीकडून ‘फोटो पाठवा, लोकेशन पाठवा’. पाठवलं की सामसूम. एका संस्थेने सांगितलं, आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. दुसरीची अ‍ॅम्ब्युलन्स होती, पण तिच्यात घोडा मावत नाही. तिसरीच्या पावतीपुस्तकावर, खरं सांगतो, घोड्याचाच फोटो आहे, आणि ते म्हणाले जागा नाही. तावडे पेटलेच. ‘हे सगळे देणग्या खाणारे, यांच्या ऑफिसला टाळं ठोका’ असा मेसेज, त्याखाली अंगठ्यांची रांग. अंगठे देणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी त्या घोडीला घरून शिळ्या पोळ्या, गूळ आणि बुंदीचे लाडू नेऊन घातले होते. टांगेवाले आबा असते तर एकेकाला चाबकानं सोलला असता. घोड्याला ओकता येत नाही, उपाशी जनावराला एकदम गोडधोड घातलं की पोटशूळ उठतो, हे मी जिन्यात उभा राहून सांगत होतो. कुलकर्णी वहिनी मला म्हणाल्या, ‘तुम्ही फारच कठोर आहात हो.’

मला त्या संस्थांचाही राग आला होता, नाही असं नाही. पण पोलीस चौकीत बसून जे कळलं ते ग्रुपवर कुणाला ऐकायचं नव्हतं. घोडी कुणाच्या तरी मालकीची आहे, संस्थेने उचलून नेली तर चोरी होते. आधी तक्रार, मग डॉक्टरचा दाखला, पंचनामा, मग ताबा. आणि एवढं करून मालकाला शिक्षा काय? प्राण्यांच्या छळाविरुद्धचा 1960 चा कायदा, पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. हवालदारानंच सांगितलं आणि हसला. पन्नास रुपयांत आता वडापाव आणि चहासुद्धा धड होत नाही.

शेवटी इथून तासाभरावरच्या एका पांजरपोळाने हो म्हटलं. नाव लिहीत नाही, पुढे का ते कळेल. टेम्पो आला, फळी लावली, घोडी चढेना, मग मी तिच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, टांग्याच्या राजाला बांधायचास तू तसा, आणि चढवली. वहिनींनी हार घातला. नारळ फुटला. तावड्यांनी व्हिडिओ काढला, तो कुठल्या कुठे पोहोचला, संस्थेला म्हणे त्यावर बऱ्यापैकी देणग्याही आल्या. ग्रुपवर ‘माणुसकी जिवंत आहे’. दुसऱ्या दिवसापासून पार्किंगचं भांडण पूर्ववत.

आता खरी गोष्ट.

तुळशीचं लग्न झाल्यावर मी तिला बघायला गेलो. शैला म्हणाली, तुला उद्योग नाही. नाहीच आहे, रिटायर माणूस. पांजरपोळ तसा स्वच्छ. गाई धष्टपुष्ट. मॅनेजर भला माणूस, त्यानं चहा पाजला. घोडी मागच्या शेडमध्ये, गाईंच्या रांगेच्या टोकाला, शेणामुताच्या ओल्यात उभी. अंगावर मांस धरलंय, जखम भरलीय, डोळ्यांत तेज आहे. मी खूश. मग खाली पाहिलं.

दत्त्या, नाल तसेच. मालकानं मारलेले, कुणी काढलेच नाहीत. रस्त्यावर चालणं नाही, नालामुळे झीज नाही, महिन्याला खूर जवळजवळ सेंटिमीटरभर वाढतोय, आणि सहा-आठ आठवड्यांनी जो नालबंद यायला हवा तो चार महिन्यांत आलेला नाही. पुढचे दोन्ही खूर नालाच्या बाहेर ओघळून पुढे वर वळलेत. मागच्या डाव्या खुरातून कुजका वास येतो. ती सारखा भार बदलते, या पायावर, त्या पायावर. जो माणूस मिरज स्टेशनाबाहेर टांग्यांच्या अड्ड्यावर वाढला नाही त्याला यात काही दिसणार नाही. तिथल्या कुणालाच दिसत नव्हतं. मॅनेजर म्हणाला, ‘बघा ना, किती छान झाली!’ त्याच्या आवाजात खोटं नव्हतं.

मी म्हटलं, खूर? तो म्हणाला, डॉक्टर दर गुरुवारी येतात, ते गाईंचे. म्हटलं, नालबंद? तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जसा मी हत्तीचा दातवाला मागतोय.

त्यालाही काय बोलायचं? हिशेब त्यानंच मांडून दाखवला. गेल्या वर्षी सप्टेंबरात, नाही, 2024 मध्ये, सरकारने देशी गाईला राज्यमाता केलं आणि गोशाळांना गाईमागे दिवसाला 50 रुपये ठरवले. घोडीमागे छदाम नाही. ती दिवसाला सहा-सात किलो सुका चारा खाते, वर चंदी. वय दहा-बारा असेल, म्हणजे नीट ठेवली तर अजून पंधरा वर्षं खाणार. व्हिडिओवर आलेल्या देणग्या दिवाळीपर्यंत संपल्या. ज्यांनी टाळं ठोकायची भाषा केली त्यांच्यापैकी कुणी चौकशीचा फोनसुद्धा केलेला नाही. मुंबईत भुलेश्वरचा पांजरपोळ 1834 पासून आहे, म्हणजे म्हाताऱ्या जनावराला मरेपर्यंत पोसायचं हे आपल्याकडे काही नवीन नाही. पण पोसणं म्हणजे गाय पोसणं. घोडा दाराशी आला तर त्याला गाय समजूनच पोसतात. उपाशी ठेवत नाहीत, मारत नाहीत, आणि पायांनी लंगडा करतात.

इथे तू तुझं वाक्य म्हणणार, म्हणून आधीच उत्तर देतो. 2015 साली हायकोर्टानं मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या वर्षभरात बंद करायला सांगितल्या तेव्हा तू पेढे वाटलेस, टांगेवाल्याचा पोरगा असून. मी म्हणालो होतो की घोड्यांचं पुढे काय, त्याचं आधी बोला. तू मला ‘मालकांचा वकील’ म्हणालास आणि आपण पुढची दिवाळी बोललो नाही. मंदानं फराळ पाठवला म्हणून सुटलं. मी आजही म्हणतो, बंदी योग्यच असेल, त्या तबेल्यांचे हाल मी तुझ्याबरोबरच पाहिलेत. पण घोडा गाडीतून सोडवणं एका दिवसाचं काम आणि सोडवलेला घोडा उभा ठेवणं पंधरा वर्षांचं. टाळ्या सगळ्या पहिल्या दिवसाला. तू तेव्हा म्हणालास, ‘संस्था बघतील.’ ये आणि बघ संस्था कशा बघतात ते.

झालं, चिडलो. चहा घेऊन आलो.

आता माझा पेच. तो फक्त तुलाच कळेल, कारण शैला म्हणते फोटो काढ आणि ग्रुपवर टाक, आणि पम्या फोनवर म्हणाला पेपरात दे. फोटो मी काढलेत. टाकले तर काय होईल सांगू? तावडे पुन्हा पेटतील. हार घालणारेच पांजरपोळाच्या दारात घोषणा देतील. विश्वस्त घाबरतील आणि ठराव करतील, यापुढे घोडे घेणे बंद. तासभराच्या परिघात घोड्याला हो म्हणणारं एकच दार आहे, तेही लागेल. पुढच्या श्रावणात दुसरी घोडी त्या प्लॉटवर असेल, तेव्हा फोन कुणाला लावायचा?

एवढ्यावर भागलं असतं तरी मी तुला लिहिलं नसतं. मालक उगवलाय. लग्नसराई सुरू झाली ना! फुकटात धष्टपुष्ट झालेली घोडी त्याला परत हवी. कोर्टात अर्ज टाकलाय, ‘चरायला सोडली होती, माझ्या उपजीविकेचं साधन आहे.’ त्याच कायद्याखालच्या 2017 च्या नियमांप्रमाणे खटला चालू असेपर्यंत ती पांजरपोळात राहू शकते आणि खर्चाचं हमीपत्र मालकाकडून घ्यायचं असतं. कागदावर सगळं छान आहे. पण माझे फोटो बाहेर गेले की त्याचा वकील तेच कोर्टापुढे धरणार. साहेब, पाहा, माझ्या अशिलाकडे हिचे पाय धड होते, संस्थेने वाट लावली. आणि दत्त्या, पायांपुरतं ते खरं आहे! मालक उपाशी ठेवायचा, पण नाल वेळेवर मारायचा, कारण वरातीत घोडी नाचायला हवी. म्हणजे मी खरं बोललो तर ती डीजे आणि फटाक्यांच्या मध्ये परत जाणार, आणि गप्प बसलो तर त्या ओल्यात तिचे खूर सडणार. रात्री दोनला उठून हेच.

गुपचूप खूर कापून घ्यावेत म्हटलं, तर त्यातही खोच आहे. नेरळजवळ एक नालबंद शोधलाय. माथेरानला परवान्याचे 460च्या आसपास घोडे आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांचे पाय त्याच्या हाताखालून जातात, माणूस तयारीचा आहे. पण मॅनेजर म्हणतो घोडी कोर्टाचा मुद्देमाल आहे, बाहेरच्यानं हात लावला आणि काही झालं तर मी आत जाईन. फार समजावल्यावर एवढ्यावर आलाय की त्यांचा डॉक्टर समोर असेल तर हरकत नाही. म्हणजे गुरुवारी. आणि खूर साफ झाले की संस्थेच्या हलगर्जीचा पुरावाही साफ. मी कुणाच्या बाजूने उभा आहे असं म्हणायचं मग? तरी खूर आधी, बाकी नंतर, एवढं माझं ठरत आलंय. फोटो तारखेसकट जपून ठेवीन आणि विश्वस्तांच्या बैठकीत टेबलावर ठेवीन. महिन्याला नालबंदाचे पैसे आमच्यापैकी दहा जणांनी द्यायचे असं लेखी हवं. दहा जण कुठून आणणार विचारू नकोस. तावड्यांपासून सुरुवात करणार आहे, त्यांच्या अंगठ्याची किंमत वसूल करायचीय.

अडचण एकच. घोडी मागचा पाय उचलू देत नाही. नालबंदानं जवळ जाऊन पाहिलं, तिनं लाथ झाडली, त्याची पाण्याची बाटली शेडबाहेर. तो म्हणाला, कुणी धरणारा असेल तर बोलवा, नाहीतर इंजेक्शन देऊन झोपवावी लागेल, आणि त्या गाईंच्या डॉक्टरच्या हातून घोडीला भूल म्हणजे माझाच जीव जाईल. राजा चावरा होता, आबांनासुद्धा दाद द्यायचा नाही, आणि तू खांदा त्याच्या बरगडीला लावून, काहीतरी पुटपुटत, पाय गुडघ्यावर घ्यायचास. काय पुटपुटायचास ते तू मला पन्नास वर्षांत सांगितलं नाहीस.

तर तू ये. सोनूच्या लग्नाच्या पत्रिका ठाणे-डोंबिवलीत वाटायच्याच आहेत ना, त्या पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. कोर्टाची तारीख 18ची आहे, त्याच्या आधीचा गुरुवार गाठायला हवा. अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट काढ, बोरिवलीला उतर, मी घ्यायला येतो. आबांची कानस अजून असेल तर आण, नालबंदाकडे आहे पण तिला धार नाही असं मला वाटतं.

सोनूला आशीर्वाद. जावई बँकेत आहे हे ऐकून बरं वाटलं, निदान त्याला व्याज कळत असेल. तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं? ऑपरेशन झालं असेल तर डोळ्याला शेण-माती लागायला नको, गॉगल घालून ये. हॉल कुठला ठरला? आणि इंदूरची मंडळी घोडीशिवाय वरात काढत नाहीत म्हणे, तेव्हा आणाल ती घोडी आधी स्वतः बघून ठरव, चारही पाय उचलून. व्याही हसले तर हसू देत.

मंदाला नमस्कार. पण हे पत्र तिला वाचायला देऊ नकोस, ती घोडीसाठी गुळाची ढेप बांधून देईल.

तुझा,
विन्या