भिंतीवरच्या त्या बारीक पाईपाविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. इमारतीच्या मागच्या भिंतीवरचा तो बारीक पाईप कशाचा हे कोणालाच सांगता येत नाही, आणि रंगकामापूर्वी तो कापून टाकावा असे सर्वांचे मत पडले आहे, हे वाचून मी लगेच लिहायला बसलो. कृपा करून तो कापू देऊ नकोस.

पाईप ओळखताना मी आधी त्याची दोन्ही टोके पाहतो. गच्चीच्या उताराशी सुरू होऊन जमिनीजवळ मोकळा सुटतो तो पावसाच्या पाण्याचा. टाकीच्या वरच्या कडेजवळून निघून हवेतच संपणारा आखूड तुकडा टाकी भरून वाहू लागल्याची वर्दी देणारा. तुझा पाईप यांपैकी नाही. त्याचे वरचे टोक कठड्याच्याही वर गेले असून त्यावर जाळीची टोपी आहे, म्हणजे गच्चीवरचे पाणी त्यात शिरणेच शक्य नाही. शिवाय शेजारच्या जाड, बिडाच्या पाईपाला समांतर उतरताना तो प्रत्येक मजल्यावर एक आडवी फांदी काढून संडासाच्या जोडापाशी मिळतो. त्या फांदीमुळे माझी खात्री पटली, की हा पाण्याचा नव्हे, हवेचा पाईप आहे.

संडासाच्या भांड्याखालच्या वळणात, म्हणजे ट्रॅपमध्ये, साधारण ५० मिलिमीटर खोलीचे पाणी कायम साचलेले असते आणि तेच गटाराचा वायू खोलीत येऊ देत नाही. (अशा वळणाच्या नळीचे पेटंट अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्येच घेतले होते.) आता वरच्या मजल्यावर कोणी पाणी सोडले, की ते जाड पाईपातून वेगाने कोसळते, त्याच्यामागे हवा विरळ होते आणि त्या ओढीने ट्रॅपमधले पाणी खेचले जाते, तळाशी मात्र उलट होते, तिथे हवा दाबली जाऊन ट्रॅपमधून बुडबुडे वर येतात. बारीक पाईप एकीकडे हवा पुरवतो, दुसरीकडे दाबलेल्या हवेला वाट देतो आणि ट्रॅपमधले पाणी जागच्या जागी राहते.

मी पूर्वी राहत होतो त्या इमारतीत असाच एक पाईप निरुपयोगी समजून वरून सिमेंटने बुजवला होता. काही दिवसांतच, वरच्या घरी कोणी पाणी सोडले की आमच्या मोरीत गुडगुड आवाज येऊ लागला, आणि मग असा दर्प सुटला की फिनेल ओतून ओतून आम्ही थकलो. दोष गच्चीवर आहे हे कळायला फार वेळ गेला, आणि त्या काळात घरातल्या लहान मुलांना जो त्रास झाला तो मी अजून विसरलेलो नाही.

तुला स्वतः पडताळून पाहायचे असेल, तर वरच्या मजल्यावर कोणाला तरी संडासात बादलीभर पाणी एकदम ओतायला सांग आणि खाली उभे राहून दोन्ही पाईपांवर एकेक तळहात ठेव. जाड पाईपात पाणी थरथरत उतरलेले स्पष्ट जाणवेल. बारीक पाईपातून पाणी गेल्याचे काहीच जाणवणार नाही. टोपीची जाळी गंजली असेल तर बदलून घ्या, पाईपाला बाहेरून हवा तो रंग द्या, मात्र त्याचे वरचे तोंड मोकळे राहील असे रंगाऱ्याला बजावून सांग.

तळहाताला काय जाणवले ते मला अवश्य कळव.

तुझा स्नेहांकित