बाबा, पावसाळ्याआधी घराची वायरिंग बदलूया

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काल फोनवर आई सहज बोलून गेली की फ्रीजला ओला हात लागला की झिणझिण्या येतात म्हणून ती आता चप्पल घालूनच फ्रीज उघडते, आणि लगेच लोणच्याच्या कैऱ्यांवर गेली. आई, मला त्यानंतर कैऱ्यांचं काहीच ऐकू आलं नाही गं. फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि ते तिथेच राहतं, म्हणून सगळं लिहून पाठवतेय, दोघांनी बसून वाचा.

फ्रीजच्या बॉडीवर करंट येतोय म्हणजे फ्रीजमध्ये कुठेतरी लीकेज आहे, ते मेकॅनिक बघेल. पण अर्थिंग नीट असतं तर तो करंट जमिनीत गेला असता, आईच्या हाताला लागला नसता. आपलं अर्थिंग कुठे आहे आठवा बाबा. आजोबांच्या वेळी वायरमनने तार नेऊन अंगणातल्या नळाच्या लोखंडी पाइपला बांधली होती, तेव्हा बऱ्याच घरांत तसंच करायचे. नंतर नळाची लाइन बदलली आणि जमिनीखाली प्लास्टिकचा पाइप आला. तार अजून तिथेच बांधलेली आहे, वरचा लोखंडी तुकडाही आहे, पण खाली जमिनीशी संबंधच उरला नाही. आणि घरातल्या सगळ्या थ्री-पिनच्या अर्थच्या तारा एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे उद्या गीझरमध्ये करंट लीक झाला तर तो फ्रीजच्या बॉडीवर, वॉशिंग मशीनवर आणि त्या नळाच्या तोटीवरही येऊ शकतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा पहाटे आई अनवाणी त्या ओल्या अंगणात उभी राहून मोटर लावते. मला हे चित्र डोळ्यासमोरून जात नाहीये.

बाबा, तुम्ही म्हणाल इतकी वर्षं काही झालं नाही. खरंय, आणि आजोबांनी त्या काळात चांगलंच काम करून घेतलं होतं, पण ते दोन पंखे, चार बल्ब आणि एका रेडिओसाठी होतं. आज एकटा गीझर 2000 वॅटचा आहे, 230 व्होल्टवर तो जवळजवळ 9 अँपिअर घेतो, हॉलमधला दीड टनाचा एसी 7-8, वर मायक्रोवेव्ह, इस्त्री, मोटर. तारा मात्र त्याच, लाकडी पट्टीवरच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या. ॲल्युमिनियम गरम झालं की पसरतं, थंड झालं की आकसतं, त्यात स्क्रू हळूहळू ढिला होतो, वर ऑक्साइडचा थर चढतो, जोड आणखी तापतो. मे महिन्यात एसीच्या बोर्डाला हात लावून बघा, प्लग काढतानाही गरम लागतो ना, ते हेच. त्यात किटकॅटच्या, म्हणजे त्या चिनी मातीच्या जुन्या फ्यूजमध्ये सारखी तार जाते म्हणून जाड तार पीळ देऊन घातलेली आहे. म्हणजे आता फ्यूज उडणार नाही, आधी भिंतीवरची तार जळेल. आणि आपल्या जुन्या मेन बोर्डावर न्यूट्रललाही, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेलाही, वेगळा फ्यूज आहे, तो एकटा उडाला तर दिवे बंद, सगळ्यांना वाटतं लाइट गेली, पण फेज, म्हणजे करंट आणणारी तार, आत जिवंतच असते. अशा वेळी कोणी बल्ब बदलायला स्टुलावर चढलं तर?

"एसीला एमसीबी लावलाय की" असं तुम्ही मागे म्हणालात. बाबा, एमसीबी तार वाचवतो, माणूस नाही. 16 अँपिअरचा एमसीबी 16 अँपिअरच्या वर लोड गेला किंवा शॉर्टसर्किट झालं तरच पडतो, आणि माणसाच्या हृदयाचे ठोके बिघडायला 30 मिलिअँपिअरच्या वरचा करंट थोडा वेळ अंगातून गेला तरी पुरतो, म्हणजे त्या 16 अँपिअरचा पाचशेवा हिस्सासुद्धा नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, आपल्याकडे अजून त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून जितका करंट गेला तितका न्यूट्रलमधून परत येतोय का एवढंच तो सतत मोजत असतो, 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत सप्लाय तोडतो. अर्थिंग खराब असलं तरी तो माणसाच्या अंगातून जाणारा करंट पकडतो, म्हणून मला तो सगळ्यात आधी हवाय. दोन-तीन हजारांत येतो.

वायरमन म्हणेल "भाईसाब ये बार-बार गिरेगा, निकाल दो". काढू देऊ नका. जुन्या घरात दोन सर्किटचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेले असतात, इन्व्हर्टरचा न्यूट्रलही त्यातच मिसळलेला असतो, त्यामुळे तो पडतो. न्यूट्रल वेगळे करायला वेळ लागतो, काढून टाकायला दोन मिनिटं, एवढंच कारण आहे. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं, पडला तर ठीक आहे, नाही पडला तर बदलायचा.

माझ्या मते आधी आरसीसीबी आणि नवीन अर्थिंग, मग स्वयंपाकघर, बाथरूम आणि मोटर, बाकी खोल्या दिवाळीनंतर. गीझर आणि एसीला बोर्डापासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची तार, प्लगला 2.5, दिव्यांना 1.5, आयएसआय मार्क आणि एफआर (सहज पेट न घेणारी) लिहिलेलीच घ्यायची. भिंती फोडायच्या नाहीत, जुन्या विटा आहेत, वरून पीव्हीसीची पट्टी चालेल, दिसायला थोडं कमी पण मला चालतं. काम सुरू करायच्या आधी मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघायला सांगा, 1 मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर ती तार ठेवायची नाही. लायसनवाला ठेकेदारच बघा, मेन बोर्डाचं काम शेजारच्या मुलाकडून नको, तो कितीही चांगला असला तरी. विजेच्या बिलावर मंजूर लोड बघून मला फोटो पाठवा, वाढवायचा असेल तर अर्ज मी इथूनच भरते.

तोपर्यंत मेकॅनिक येईपर्यंत फ्रीजचा प्लग काढून ठेवा, दूध रोजचं रोज आणा. पाणी तापलं की गीझर बंद करून मगच अंघोळीला जायचं, आणि वायरमन आला की तिथला स्विच फेजवरच आहे ना हे टेस्टरने बघून घ्या, न्यूट्रलवर असेल तर बंद करूनही उपयोग नाही. मोटर चालू असताना तोटीला, पाइपला हात लावायचा नाही. आई, हे शेवटचं तुझ्यासाठी.

पैशांचं मी बघते, त्यावर बोलणं नको. काम चालू असेल ते दिवस मावशीकडे सुदामा नगरला राहा, मी तिच्याशी बोललेय, ती खुश आहे. मी शनिवारी सकाळी येतेय, ठेकेदाराला दुपारी बोलवून ठेवा, मला स्वतः त्याच्याशी बोलायचंय.

तुमची,
मनू