सूचना : रविवारी ‘सीसाइड’ शिकायला या

सभासदांनो, येत्या रविवारी दुपारी ४ वाजता ‘डोमिनियन’ या पत्त्यांच्या खेळाचं ‘सीसाइड’ हे २००९मधलं एक्स्पान्शन (मूळ खेळात भर घालणारा जादा संच) शिकायला बसतोय. मूळ खेळ आधी येत असायला हवा.

खरी गोम केशरी ‘ड्युरेशन’ पत्त्यांत, म्हणजे पुढच्या पाळीतही परिणाम करणाऱ्या पत्त्यांत आहे. त्यातला ‘कॅरव्हान’ खेळलात की लगेच एक पत्ता आणि एक अ‍ॅक्शन (आणखी एक अ‍ॅक्शन पत्ता खेळायची मुभा), शिवाय पुढच्या पाळीच्या सुरुवातीला आणखी एक पत्ता. त्यामुळे पाळी संपताना बाकीचे पत्ते डिस्कार्डमध्ये (वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगात) गेले तरी हा समोरच ठेवायचा, पुढच्या पाळीच्या शेवटी उचलायचा. सवयीने हात तो आधीच उचलायला जातोच, शेजाऱ्याने लक्ष ठेवावं. ‘व्हार्फ’ या ड्युरेशन पत्त्याला खेळातली ५ नाणी पडतात, पण माझ्या मते तो सगळ्यात भारी; परवडला की घ्याच.

एका टेबलावर चौघंच बसतील, म्हणून येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नक्की कळवा.