इंग्लंडमधले शाळेचे अपील म्हणजे विनंतीअर्ज नव्हे

महोदय,

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून इंग्लंडला येणारी मराठी कुटुंबे व्हिसा, घरभाडे आणि थंडीचे कपडे यांची चौकशी महिनोन्महिने करतात. मुलाच्या शाळेचा विषय मात्र सामान उघडल्यावर निघतो आणि तोवर जवळची सरकारी माध्यमिक शाळा भरलेली असते. मग कोणीतरी सांगते, 'अपील करा.' सल्ला बरोबर आहे, पण अपील म्हणजे मुख्याध्यापकांना केलेली विनवणी असे समजून कागद लिहिला जातो आणि तिथेच प्रकरण फसते. म्हणून हे पत्र. यातले नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे.

अकराव्या वर्षी इयर सेव्हनमध्ये माध्यमिक शाळा सुरू होते. तिचा अर्ज आदल्या वर्षीच्या 31 ऑक्टोबरपर्यंत राहत्या भागातल्या कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, करायचा असतो आणि शाळा 1 मार्चला कळते. मुदत चुकलेल्यांचे अर्ज वेळेवर आलेल्या अर्जांच्या मागून पाहिले जातात, त्यामुळे उशिरा आलेल्याचे घर शाळेच्या फाटकासमोर असले तरी जागा मिळेलच असे नाही. नकाराच्या पत्रानंतर अपील दाखल करायला किमान 20 शालेय दिवस मिळतात. ईस्टरची सुट्टी त्यात मोजत नाहीत, पण पत्रावर छापलेली तारीखच खरी धरावी. अपिलाला फी नाही, वकीलही लागत नाही.

वर्षाच्या मधे आलेल्यांची गोष्ट निराळी. शाळेत फोन केला की 'जागा नाही' असे सांगतात आणि पालक पुढच्या शाळेकडे वळतात. फोनवरचा नकार हा नकार नव्हे! रीतसर अर्ज करावा. 15 शालेय दिवसांत लेखी उत्तर देणे बंधनकारक आहे आणि नकार असेल तर त्यात अपिलाचा हक्क नमूद करावा लागतो. अशा अपिलाची सुनावणी दाखल केल्यापासून 30 शालेय दिवसांत व्हायला हवी.

सुनावणी घेणाऱ्या पॅनलवर किमान तीन जण असतात आणि शाळेशी लागेबांधे असलेली व्यक्ती तिथे बसू शकत नाही. वशिल्याचा विचार तिथेच संपतो. काम दोन टप्प्यांत चालते. प्रवेशाचे नियम कायदेशीर होते का, तुमच्या मुलाला ते बरोबर लावले का आणि आणखी एक मूल घेतल्याने शाळेचे खरेच नुकसान होईल का, हे आधी पाहतात. अंतर चुकीच्या पत्त्यावरून मोजले किंवा भावंड त्याच शाळेत असल्याची नोंद सुटली आणि त्यापायीच जागा हुकली, तर अपील इथेच जिंकता येते. नुकसान सिद्ध करण्याची जबाबदारी शाळेची असते आणि याच टप्प्यावर आपले पालक गप्प बसतात. शाळेची कागदपत्रे सुनावणीआधी हाती येतात, ती आकडे शोधत वाचावीत. ठरलेली प्रवेशसंख्या 180 असेल तर आज त्या इयत्तेत प्रत्यक्ष किती मुले आहेत? मागच्या वर्षी 186 घेतली असतील तर तेव्हा नेमके काय बिघडले? प्रयोगशाळेत किती मुले मावतात? एका वर्गात 30 मुलांची कायदेशीर मर्यादा फक्त लहानग्यांच्या पहिल्या तीन इयत्तांना आहे, माध्यमिकला नाही. त्यामुळे 'वर्ग 30 चा आहे' एवढ्याने शाळेची बाजू सिद्ध होत नाही.

दुसऱ्या टप्प्यात तराजूच्या एका पारड्यात शाळेची अडचण आणि दुसऱ्यात तुमच्या मुलाची गरज. शाळेचा नावलौकिक, मित्र तिथे जातात, आईवडिलांच्या ड्यूटीच्या वेळा, या गोष्टी जवळजवळ प्रत्येक अपिलात असतात, त्यामुळे त्यांना फारसे वजन मिळत नाही. प्रमाणपत्रे आणि स्कॉलरशिपचे गुण जोडून जाडजूड केलेली फाइलही कामाची नाही. ही गुणवत्ता यादी नव्हे. या शाळेत जे आहे ते मिळालेल्या शाळेत का नाही, एवढेच सांगायचे आणि कागदाने दाखवायचे. डॉक्टरांच्या पत्रात नुसते आजाराचे नाव असून भागत नाही. त्या आजारामुळे हीच शाळा का हवी ते लिहिलेले असावे. भारतात नववीत असलेले मूल इथे वयानुसार बहुधा इयर टेनमध्ये जाते, म्हणजे जीसीएसईच्या (आपल्या दहावीसारख्या, सोळाव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेच्या) दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात. तिन्ही विज्ञान विषय स्वतंत्रपणे घ्यायचे असतील आणि देऊ केलेल्या शाळेत ती सोय नसेल, तर त्या शाळेचे विषयपत्रक जोडावे. दुसऱ्या शाळेची निंदा मात्र टाळावी, तिने तुमचे पारडे जड होत नाही.

मिळालेली शाळा नाकारून अपिलाला बसणे हा तर हट्टाचा जुगार. ती स्वीकारल्याने अपिलाला बाध येत नाही, नाकारल्यास मूल घरी बसण्याची पाळी येते. प्रतीक्षा यादीतही नाव ठेवावे, पण ती रेशनच्या रांगेसारखी नसते. क्रम नंबर लावल्याच्या तारखेवर नव्हे, प्रवेशाच्या निकषांवर ठरतो. शाळेच्या अधिक जवळ राहणारे मूल उद्या आले की तुमचा तिसरा क्रमांक चौथा होतो.

गेल्या काही वर्षांत माध्यमिकच्या ऐकल्या गेलेल्या अपिलांपैकी साधारण पाचातले एक मंजूर होते. निर्णय सहसा 5 शालेय दिवसांत येतो आणि तो शाळेवर बंधनकारक असतो. फेटाळले गेले तर परिस्थितीत मोठा बदल झाल्याखेरीज त्याच शैक्षणिक वर्षासाठी त्याच शाळेविरुद्ध पुन्हा अपील करता येत नाही. इयर सेव्हनची प्रतीक्षा यादी मात्र किमान 31 डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत, वर्ग सुरू होऊनही काही मुले आलीच नाहीत की, ती हलते.

— एक वाचक, रेडिंग, इंग्लंड