घरच्या रेकॉर्डिंगसाठी ड्रमचे सॉफ्टवेअर निवडून देणाऱ्या दादांस

आदरणीय दादा,
सा. न. वि. वि.

आपले आभार फोनवर मानून झाले आहेत. तरीही हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण घरी बसून गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांना ड्रमचे सॉफ्टवेअर निवडताना ज्या मार्गदर्शनाची गरज असते ते मला आपल्याकडून मिळाले, आणि ते माझ्यापुरतेच राहावे हे मला योग्य वाटत नाही.

फ्लॅटमध्ये खरा ड्रमसेट लावणे शेजाऱ्यांचा विचार करता शक्यच नव्हते. लावला असता तरी किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा मुख्य ड्रम), टॉम (मधले घुमणारे ड्रम) यांना स्वतंत्र माइक, वर टांगलेले दोन ओव्हरहेड माइक आणि खोलीचा घुमारा टिपणारे आणखी एक-दोन, एवढा पसारा आमच्या बैठकीच्या खोलीत मावला नसता. गिटार आणि आवाज मी घरी नीट टिपू शकत होते. ठेक्यासाठी मात्र सॉफ्टवेअरवाचून गत्यंतर नव्हते. त्यातले सर्वांत चांगले कोणते, असे मी आपल्याला विचारले, तेव्हा आपण एकही नाव न घेता उलट मलाच विचारले, "ताई, ठेका तुम्ही वाजवणार आहात की निवडणार आहात?" या एका प्रश्नाने माझा बराचसा शोध मार्गी लागला, याबद्दल मी आपली सर्वाधिक ऋणी आहे.

कारण या क्षेत्रातली नामांकित सॉफ्टवेअरे एकाच गरजेसाठी बनलेली नाहीत, हे त्यानंतर मला दिसू लागले. टूनट्रॅक या स्वीडिश कंपनीचे सुपीरिअर ड्रमर 3 हे 2017 साली आलेले सॉफ्टवेअर 200 जीबीहून अधिक जागा घेते, आणि ती जागा प्रत्येक वाद्याच्या प्रत्येक माइकचा आवाज वेगळा हाताळू इच्छिणाऱ्या ध्वनिमिश्रकासाठी खर्च झालेली असते. त्याच कंपनीच्या ईझीड्रमरची 2022 साली आलेली तिसरी आवृत्ती त्या मानाने खूपच कमी जागेत बसते. तिच्यात ठेका शोधायचा असेल तर माउसने किंवा कीबोर्डवर ताल वाजवून दाखवला की त्याच्याशी जुळणारे ठेके समोर येतात, आणि बँडमेट नावाच्या भागात गिटारचा ट्रॅक ओढून टाकला की त्या वादनाला शोभतील असे ठेके सुचवले जातात. माझ्यासारख्या, ड्रम न वाजवणाऱ्या पण गाणे मनात तयार असणाऱ्या माणसासाठी हीच खरी सोय आहे. पडद्यावर बटणे कमी दिसतात म्हणून एखादे सॉफ्टवेअर सोपे ठरत नाही. चाल डोक्यातून निसटण्याआधी ठेका हाताशी आला पाहिजे, हा आपला निकष मला पूर्णपणे पटला आहे.

तरीही आपण मला लगेच पैसे खर्च करू दिले नाहीत, याचे मला विशेष अप्रूप वाटते. आधी रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर उतरवून घ्या, ते 60 दिवस कोणत्याही बंधनाशिवाय वापरून पाहता येते, आणि त्यात एमटी पॉवर ड्रम किट हे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवा, असे आपण सांगितलेत. त्यात ड्रमसेट एकच आहे, पण तयार ठेके आणि रोल (दोन भागांना जोडणारे जलद ठोके) त्याच्यासोबतच येतात, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपला ते मुळीच जड गेले नाही. ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांना तर गॅरेजबँडमधला ड्रमर आयताच मिळतो, तेव्हा त्यांनी आधी तोच वापरून पाहावा, हेही आपले म्हणणे मी इथे मुद्दाम नोंदवते. विनामूल्य सॉफ्टवेअरवर पूर्ण गाणे उभे केल्यानंतर मला नेमके काय कमी पडते ते कळले, आणि मगच मी ईझीड्रमर घेतले, तेही आपल्या सांगण्यावरून नोव्हेंबरअखेरच्या सवलतीची वाट पाहून. स्टॉकहोमच्या एक्सएलएन ऑडिओचे अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स 2 हेही तितकेच सुटसुटीत आहे, असे आपले मत होते. माझ्या गाण्यांना मात्र ठेका शोधण्याची सोय अधिक मोलाची होती.

आता त्या संध्याकाळबद्दल लिहिते, जेव्हा आपण माझ्या शेजारी बसून एका ओळीचा ठेका दुरुस्त केलात. पडद्यावर हाय-हॅटचे (एकमेकींवर मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचे) आठ ठोके एकसारख्या उंचीचे होते, सगळे 100 वर. मिडीमध्ये, म्हणजे कोणता ठोका कधी आणि किती जोरात वाजला याची संगणकासाठी नोंद ठेवण्याच्या पद्धतीत, ठोक्याचा जोर 1 ते 127 या आकड्यांत मोजला जातो, एवढे मला माहीत होते. त्या आकड्यांचा गाण्यावर काय परिणाम होतो, हे आपण दाखवलेत. मात्रेवर पडणारे ठोके आपण 95 च्या आसपास ठेवलेत, मधले 60 पर्यंत खाली आणलेत, आणि ज्या ठिकाणी क्रॅश (जोरात वाजणारी मोठी झांज) वाजत होता तिथला हाय-हॅट काढून टाकलात, कारण वादकाचा उजवा हात एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. तेवढ्यानेच ठेका कोणीतरी माणूस वाजवतो आहे असा ऐकू येऊ लागला. जोर बदलला की आवाजाची नुसती पातळी बदलत नाही, चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हळू मारलेल्या आणि जोरात मारलेल्या ठोक्यांची ध्वनिमुद्रणेच वेगवेगळी असतात, आणि सारख्याच जोराच्या ठोक्यांसाठीही ती आलटून पालटून वाजवली जातात, हेही मला तेव्हाच समजले. सॉफ्टवेअर पारखताना ड्रमसेट किती आहेत हे मोजण्यापेक्षा एकाच स्नेअरवर हळू ते जोरात ठोके देऊन पाहावेत, ही आपली कसोटी मी आता ज्याला त्याला सांगते.

मराठी गाण्यांना हे परदेशी ठेके कसे शोभतील, ही माझी शंका आपण ज्या आस्थेने दूर केलीत, ती मी विसरणार नाही. दादरा या सहा मात्रांच्या तालातल्या चालीसाठी आपण सहा-आठचे ठेके निवडायला सांगितलेत आणि किक समेवर, स्नेअर चौथ्या मात्रेवर, म्हणजे 'खाली'च्या (टाळी न देता हात उघडा ठेवण्याच्या) जागी, बसवून दाखवलात. खरी अडचण रूपकाची होती. सात मात्रांचे तयार ठेके मिळाले, पण त्यांत पहिल्याच मात्रेवर दणदणीत किक होती, आणि रूपकाची सम तर 'खाली'च्याच जागी येते. आपण 'ती ती ना, धी ना, धी ना' असे म्हणत समेवरची किक काढलीत, ती चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, जिथे तबल्याचा डग्गा बोलतो तिथे, नेऊन ठेवलीत, आणि समेवर फक्त राइड या झांजेचा हलका ठोका राहू दिलात. कोणत्याही सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत हे मला सापडले नसते.

आपला ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅडांचा संच) माझ्या संगणकाला जोडल्यावर ठोका आणि आवाज यांत जो उशीर जाणवत होता, तोही आपण बफर (संगणक एका वेळी आवाजाचे किती तुकडे साठवून पुढे पाठवतो ते माप) 128 सॅम्पलवर आणून जवळजवळ नाहीसा केलात, आणि पॅडना 36 किकसाठी, 38 स्नेअरसाठी, 42 बंद हाय-हॅटसाठी असे मिडीतले क्रमांक नेमून दिलेत. ते सर्व वहीत उतरवून ठेवले आहे.

एक गोष्ट मात्र फोनवर बोलायची राहून गेली होती. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवून ज्यांनी संसार केला, त्यांच्या व्यवसायातले काम अशा सॉफ्टवेअरमुळे कमी होते, हे मला माहीत आहे आणि आपल्याला माझ्याहून अधिक माहीत आहे. असे असूनही आपण हातचे काहीही राखून न ठेवता सारे शिकवलेत. त्या मोठेपणाची जाणीव मला रोज असते, आणि म्हणून माझ्या गाण्यांत तयार ठेका सॉफ्टवेअरचा असला तरी कडव्यांमधले रोल वादकाकडूनच वाजवून घ्यायचे, त्याचे योग्य मानधन द्यायचे आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव लिहायचे, असे मी ठरवले आहे.

नव्या गाण्याची मिडी फाइल आणि गिटारचा ट्रॅक आज आपल्याला पाठवला आहे. ताल रूपकच आहे, लय थोडी वाढवली आहे. तिसऱ्या कडव्याआधी दोन आवर्तने मोकळी सोडली आहेत. तिथला रोल आपण वाजवावा, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ,
आपल्याकडून ठेका शिकलेली एक गायिका