बंड्या, जीपचा आवाज सापडला

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. बऱ्याच दिवसांत पत्र नाही. इकडे सगळे ठीक, आईचे गुडघे दुखतात तेवढंच. आज लिहायला बसलो कारण जीपचा तो खट्ट आवाज सापडला, आणि घरात हे सांगायला कुणी नाही. हिने "बरं झालं" म्हटलं आणि कुकर लावायला गेली.

क्लच सोडला की मागून खट्ट. पहिल्यातून रिव्हर्सला टाकली की परत खट्ट. एरवी गंगापूर रोडने धरणापर्यंत जा, चकार शब्द नाही. सारखं वाजत असतं तर बेअरिंगवर संशय गेला असता. एकदाच वाजतं म्हणजे कुठेतरी प्ले, म्हणजे सैलपणा, आहे आणि जोर उलटा झाला की तो आपटतो. गॅरेजवाला खाली वाकून, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट हलवून म्हणाला, मागची क्राऊन-पिनियनची दातेरी चाकं गेली, हाउसिंग उतरवू. नाना असते तर त्यांनी त्याला चहासुद्धा दिला नसता.

मी चाकांना दगड लावून खाली शिरलो. आपल्या सीजे थ्रीबीचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमवर आहे, तुला माहीतच आहे. तो ओढला की शाफ्टचं पुढचं टोक जखडलं. मग शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून, बॅटरी मारून शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस पाहिले. सांध्याच्या योकच्या आत क्रॉस हलत नव्हता, कपाभोवती गंजाची भुकटीही नव्हती. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट घट्ट. मग हँडब्रेक सोडून न्यूट्रलमध्ये शाफ्ट फिरवला तर चांगलाच फिरला! गॅरेजवाल्याने एवढंच पाहिलं होतं. पण चाक एकदा फिरायला शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो, म्हणजे चाकाकडे केसाएवढा प्ले असला तरी तो शाफ्टवर कितीतरी मोठा दिसणार.

म्हणून मागच्या चाकांच्या टोप्या काढल्या. अ‍ॅक्सलच्या (म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) टोकापासून, चाक ज्यावर बसतं त्या हबपर्यंत खडूची सरळ रेघ मारली. भाच्याला वर बसवलं, दगड तसेच ठेवून पहिला-रिव्हर्स, पहिला-रिव्हर्स करायला लावलं. उजवीकडे रेघ सरळ. डावीकडे खट्ट झालं आणि रेघ ज्वारीच्या दाण्याएवढी तुटली. अ‍ॅक्सल आधी फिरला, हब मागाहून! तू तिथे असतास तर ओरडलाच असतास.

पुलर लावून हब काढला. दांडा आणि हब यांच्या खाचेत बसणारी चावी, ती लोखंडी पट्टी, दोन्ही कडांनी झिजून निम्मी राहिलीय आणि हबमधली खाच रुंद झालीय. खरी पकड दांड्याच्या निमुळत्या टोकाची असते. नट सैल पडला की सगळा भार चावीवर येतो. नट अडवणाऱ्या पिनचं भोक जुळवायला कुणीतरी नट मागे फिरवलेला असणार. तिथे नट पुढेच आवळायचा असतो, मागे कधीच नाही.

आता गॅरेजवाला म्हणतो, हब अ‍ॅक्सलला वेल्ड करून टाकू. मी साफ नाही म्हटलं. उद्या बेअरिंग बदलायचं तर हब निघणार कसा? आणि रुंद खाचेत नुसती नवी चावी घातली तर तीही झिजणार. ही रात्रभर डोक्यात घोळणारी काळजी आहे बघ. जीप विकून टाका म्हणणारे आहेतच, त्यांना आता आयतं निमित्त मिळेल.

आणि हो, वणीच्या घाटात कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावायचा तुझा हट्ट! वळणावर पुढची चाकं जास्त अंतर जातात, पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये हा फरक सोसणारा डिफरन्शियल नाही, मग तो पीळ शाफ्टनीच सोसायचा. तू तेव्हा दिंडोरी येईपर्यंत बोलला नाहीस. मी आजही त्यावर ठाम आहे, आणि तू म्हणणार, "आवाज करते म्हणजे जिवंत आहे."

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. पोरीचा दहावीचा निकाल कळव, पेढे तुझ्याकडून.

एक काम कर. पुण्याला नाना पेठेत या जीपचा मागचा हब मिळतो का बघ. टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या भोकात, बोट फिरवून पाहा, ओरखडा नको. खाचेच्या कडा ताठ हव्यात. वेल्ड करून भरलेला देतील, तो घेऊ नकोस. मिळाला तर पार्सल करू नकोस, स्वतः घेऊन ये. शनिवारी आलास तर रविवारी दोघं मिळून बसवू.

तुझा,
पिंट्या