समुद्र शांत दिसतोय, काय कराल?

संपादक महोदय,

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. त्सुनामीचा विषय वर्गात बहुतेक वेळा व्याख्येवरच आटोपतो. मुलांना चित्र काढायला सांगावे, तर सगळी टोकाला वळलेली उंच लाट काढतात. खरी त्सुनामी पुष्कळदा भरतीच्या पाण्यासारखी वर चढत येते, मात्र काही मिनिटांत, आणि चढतच राहते. वळलेल्या लाटेची वाट बघणाऱ्या मुलाला ती आल्याचे कळणारही नाही.

म्हणून मी पसरट ट्रेमध्ये पाणी घेते, एका बाजूला ओल्या वाळूचा उतार करते आणि त्यावर रिकाम्या काडेपेट्यांची घरे मांडते. आधी मुलांनी पाण्यावर फुंकर घालायची. तरंग उठतात, वाळूला टेकून विरतात. वाऱ्याच्या लाटा त्या एवढ्याच. मग दुसऱ्या टोकाला तळाशी ठेवलेली प्लास्टिकची पाटी एका कडेने झटकन उचलायची, जसा भूकंपात समुद्राचा तळ उचलला जातो. या वेळी तळापासूनचे सगळे पाणी ढकलले जाते, उतार चढते आणि परतताना पेट्या ओढून नेते. "मॅडम, जाणारं पाणी जास्त नेतंय," असे मुले आपणहून म्हणतात. हे पुस्तकातून उतरत नाही. खऱ्या समुद्रात चार हजार मीटर खोलीवर अशी लाट ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने धावते, पण तिथे तिची उंची इतकी कमी असते की जहाजावर कुणाला पत्ता लागत नाही. किनाऱ्याजवळ वेग घटतो आणि मागचे पाणी पुढच्यावर चढते.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत दोन लाखांहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी थायलंडच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या ब्रिटिश मुलीने फेसाळणारे पाणी ओळखले, कारण दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ते शिकवले गेले होते. तिच्यामुळे किनारा रिकामा झाला. सुमात्राजवळच्या सिमेलू बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण आजी-आजोबांनी नातवंडांच्या कानावर घातली होती. भूकंप होताच लोक टेकड्यांवर गेले आणि हजारोंच्या वस्तीत मोजकेच दगावले. भूकंप इतका जवळ असला की यंत्रणेचा इशारा पोहोचायच्या आत पाणी पोहोचते. तिथे स्वतःचे ज्ञानच कामाला येते.

समुद्र आधी मागे हटतो, हे तर बहुतेकांनी ऐकलेले असते. पण दर वेळी तसे होत नाही, हेही त्याच तासाला सांगायला हवे. लाटा एकामागून एक येतात, कधी तासाभराच्या अंतराने, आणि पहिलीच सर्वांत मोठी असेल असे नाही. सामान आणायला खाली परतलेली माणसे दुसऱ्या लाटेत सापडतात. शिवाय पाणी ओसरल्यावर विहिरी खारट होतात, शेतात मीठ उरते. परिणाम शिकवताना मृतांच्या आकड्यापाशी थांबू नये.

परीक्षेतला प्रश्नही बदलावा, ही माझी विनंती. 'व्याख्या लिहा' ऐवजी विचारा: तुम्ही किनाऱ्यावर आहात, जमीन बराच वेळ हादरली, समुद्र मात्र शांत दिसतोय, काय कराल? जे मूल 'लगेच उंचावर जाईन आणि धोका टळल्याचे अधिकृतपणे कळेपर्यंत उतरणार नाही' असे लिहील, त्याला पूर्ण गुण द्या.

– एक भूगोल शिक्षिका